जँगोमध्ये यूआरएल राउटिंग: पत्ते आखण्यापासून जुने पत्ते निवृत्त करण्यापर्यंत

राउटिंग दोन दिशांनी चालतं. ब्राउझरकडून आलेला पत्ता वाचून त्यासाठी योग्य फंक्शन शोधायचं, ही एक दिशा. फंक्शनचं नाव दिल्यावर त्याचा पत्ता बांधून द्यायचा, ही दुसरी. पहिली दिशा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी शिकतो. दुसरी मात्र बरेचदा राहून जाते, आणि वेबसाइट वाढली की पत्त्यातला एक शब्द बदलण्यासाठी टेम्प्लेटं, फॉर्म आणि ईमेलचे मजकूर धुंडाळत बसावं लागतं. या लेखात दोन्ही दिशा नीट बसवू. उदाहरणासाठी जँगो हे पायथन भाषेतलं वेब फ्रेमवर्क घेतलं आहे, पण यातलं बरंचसं लाराव्हेल, रेल्स किंवा एक्स्प्रेस या इतर फ्रेमवर्कवर काम करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

फंक्शनांची आणि सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये जँगोची स्वतःची नावं अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

आधी पत्ते, मग कोड

एडिटर उघडण्याआधी कागदावर पत्त्यांची यादी करा. समजा, आपण एक लेखसंग्रह बनवतो आहोत:

```
लेख/
लेख/नवा/
लेख/४२/
लेख/४२/संपादन/
संग्रह/२०२३/०७/
विषय/इतिहास/
```

ही यादी तपासायची एक सोपी कसोटी आहे. कोणत्याही पत्त्याचं शेपूट तोडलं तरी उरलेल्या पत्त्यावर काहीतरी अर्थपूर्ण पान असायला हवं. `लेख/४२/संपादन/` मधून शेवटचा शब्द काढला की लेख दिसतो, आणखी एक तुकडा काढला की लेखांची यादी दिसते. `संग्रह/२०२३/०७/` मधून महिना काढला तर पूर्ण वर्षाची यादी दिसायला हवी. ते पान आपण ठरवलंच नव्हतं, हे अशा वेळी लक्षात येतं.

पत्त्यात काय घालायचं आणि प्रश्नचिन्हानंतरच्या भागात काय टाकायचं, हेही आत्ताच ठरवा. पानाची ओळख ज्याने बदलते ते पत्त्यात असावं. त्याच पानाकडे पाहण्याची फक्त पद्धत बदलत असेल, तर तो मजकूर प्रश्नचिन्हानंतर जावा. लेखाचा क्रमांक पत्त्यात, तर क्रमवारी, गाळणी, शोधशब्द आणि पान क्रमांक प्रश्नचिन्हानंतर. फाइलचं एक्स्टेन्शन किंवा भाषेचं, फ्रेमवर्कचं नाव पत्त्यात कुठेही नको. उद्या फ्रेमवर्क बदललं तरी पत्ते तेच राहायला हवेत.

मूळ फाइल

विनंती आली की जँगो सेटिंगमधल्या ‘रूट यूआरएलकॉन्फ’ या नोंदीतून मूळ फाइल शोधतं आणि त्या फाइलमधली ‘यूआरएलपॅटर्न्स’ नावाची यादी वरून खाली वाचत जातं. पहिली जुळणी सापडली की शोध तिथेच थांबतो.

जुळणी करताना जँगो फक्त पत्त्याचा मार्ग बघतं. डोमेन, प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर आणि विनंती गेट (पान मागणारी) आहे की पोस्ट (माहिती पाठवणारी), यांतलं काहीही ते विचारात घेत नाही. एक्स्प्रेस किंवा लाराव्हेलहून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो, कारण तिथे गेट आणि पोस्टसाठी वेगळे राउट लिहायची सवय असते. जँगोमध्ये दोन्ही विनंत्या एकाच व्ह्यूकडे, म्हणजे उत्तर तयार करणाऱ्या फंक्शनकडे, जातात आणि फरक तिथे करायचा असतो. फंक्शनऐवजी क्लास वापरला तर गेट आणि पोस्टच्या मेथड आपोआप वेगळ्या होतात. मात्र राउटमध्ये देताना क्लासपुढे ‘अॅज व्ह्यू’ ही मेथड बोलवायला विसरू नका. साध्या फंक्शनचं उलट आहे. तिथे नुसतं नाव द्यायचं, कंस लावायचे नाहीत. कंस लावले तर फाइल वाचली जात असतानाच फंक्शन चालवलं जातं आणि त्रुटी येते.

पॅटर्नच्या, म्हणजे यादीतल्या पत्त्याच्या साच्याच्या, सुरुवातीला तिरकी रेघ द्यायची नाही. जुळणीला सुरुवात होण्याआधीच जँगो ती काढून टाकतं, त्यामुळे रेघ देऊन लिहिलेला पॅटर्न कधीच जुळत नाही. ‘चेक’ कमांड याबद्दल इशारा देते. राउटच्या फाइलला हात लावला की ती कमांड चालवायची सवय लावून घ्या.

प्रत्येक अॅपची स्वतःची फाइल

सगळे पॅटर्न मूळ फाइलमध्ये भरले तरी चालतं, पण तसं करू नका. मूळ फाइलमध्ये फक्त एकेका अॅपकडे, म्हणजे वेबसाइटच्या एकेका विभागाकडे, जाणारे फाटे असावेत:

```
पाथ('लेख/', इन्क्लूड('लेख.यूआरएल्स'))
पाथ('संग्रह/', इन्क्लूड('संग्रह.यूआरएल्स'))
```

‘इन्क्लूड’ जुळलेला भाग कापून उरलेला तुकडा आतल्या फाइलकडे पाठवतं. म्हणून आतल्या फाइलमध्ये ‘लेख’ हा शब्द परत येत नाही:

```
अॅपनेम = 'लेख'

पाथ('', व्ह्यूज.सूची, नेम='सूची')
पाथ('नवा/', व्ह्यूज.नवा, नेम='नवा')
पाथ('<इंट:क्रमांक>/', व्ह्यूज.तपशील, नेम='तपशील')
पाथ('<इंट:क्रमांक>/संपादन/', व्ह्यूज.संपादन, नेम='संपादन')
```

यातल्या दोन गोष्टी लोक ऐच्छिक समजतात, मी त्या सक्तीच्या मानतो. पहिली म्हणजे प्रत्येक ओळीला ‘नेम’ द्यायचं. दुसरी म्हणजे फाइलच्या वर ‘अॅपनेम’ लिहायचं. ‘सूची’ आणि ‘तपशील’ ही नावं प्रत्येक अॅपमध्ये असणारच. अॅपनेम नसेल तर दोन अॅपमधली सारखी नावं एकमेकांवर आदळतात आणि जँगो काहीही तक्रार न करता त्यांतलं एक उचलतं. दुवा चालतो, पण भलत्याच पानावर नेतो. अॅपनेम दिलं की पूर्ण नाव ‘लेख:तपशील’ असं होतं आणि गोंधळाला जागा उरत नाही.

कोनी कंसात जे नाव दिलं असेल तेच व्ह्यूच्या पॅरामीटरचं नाव असायला हवं. राउटमध्ये ‘क्रमांक’ आणि फंक्शनमध्ये ‘आयडी’ असेल तर पान उघडताना टाइप एरर येते.

कन्व्हर्टर: जितका अरुंद तितका चांगला

कोनी कंसात नावाआधी जो प्रकार लिहितो तो कन्व्हर्टर. जँगोमध्ये असे पाच तयार मिळतात. ‘स्ट्र’ तिरकी रेघ सोडून काहीही घेतो, आणि प्रकार लिहिला नाही तर हाच लागू होतो. ‘इंट’ शून्य किंवा धन पूर्णांक घेतो. ‘स्लग’ला रोमन अक्षरं, अंक, जोडरेघ आणि अधोरेघ चालतात. ‘यूयूआयडी’ला छोटी अक्षरं आणि मधल्या जोडरेघा लागतातच. ‘पाथ’ नावाचा कन्व्हर्टर तिरक्या रेघांसकट सगळंच गिळतो. तो वापरावा लागला तर यादीच्या अगदी तळाशी ठेवा.

शक्य तितका अरुंद कन्व्हर्टर निवडायचं कारण असं. ‘तपशील’साठी ‘स्ट्र’ वापरला असता तर ‘नवा’ हा शब्दही त्यात बसला असता. मग दोन ओळींपैकी वर कोणती आहे यावर सगळं अवलंबून राहिलं असतं. ‘इंट’मुळे ‘नवा’ तिथे बसूच शकत नाही. यादी वरखाली केली तरी काही बिघडत नाही. फ्लास्क या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. त्याच्यामागची वर्कझॉइग लायब्ररी नेमक्या राउटना आपोआप पुढे घेते. जँगो आणि रेल्समध्ये मात्र लिहिलेला क्रम हाच नियम.

‘संग्रह/२०२३/०७/’ साठी ‘इंट’ पुरेसा नाही, कारण त्यातून वर्ष म्हणून १ किंवा ९९९९९९ सुद्धा आत येईल. इथे स्वतःचा कन्व्हर्टर लिहा. तो एक छोटा क्लास असतो आणि त्यात तीन गोष्टी असतात. ‘रेजेक्स’मध्ये शून्य ते नऊ यांपैकी नेमके चार अंक असा नियम द्यायचा. ‘टू पायथन’ मेथड आलेल्या मजकुराची संख्या करते. ‘टू यूआरएल’ मेथड उलटं काम करते आणि संख्येपुढे लागतील तितकी शून्यं लावून चार अंकी मजकूर परत देते. मग ‘रजिस्टर कन्व्हर्टर’ने त्याला नाव द्यायचं. महिन्यासाठीही असाच दोन अंकी कन्व्हर्टर करा आणि एक ते बाराच्या बाहेरची संख्या आली तर ‘टू पायथन’मधून व्हॅल्यू एरर फेका. जँगो त्याचा अर्थ ‘हा पॅटर्न जुळला नाही’ असा घेतं आणि पुढच्या ओळीकडे जातं.

हे नियम लिहिताना अंकांसाठीचं तयार चिन्ह, म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि डी, वापरू नका. पायथनमध्ये ते देवनागरी अंकांशीही जुळतं, आणि ‘४२’ या देवनागरी मजकुराची संख्याही पायथन बिनतक्रार करून देतं. म्हणजे एकाच पानाला दोन पत्ते झाले. तयार ‘इंट’ फक्त इंग्रजी अंकच घेतो, तुमचा कन्व्हर्टरही तसाच असू द्या. (वरच्या उदाहरणांतले अंक लेखाच्या लिपीमुळे देवनागरीत आहेत, खऱ्या पत्त्यात ते इंग्रजी असतील.)

जुन्या लेखांत तुम्हाला ‘यूआरएल’ नावाचं फंक्शन दिसेल. २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० आवृत्तीपासून ‘पाथ’ मिळू लागलं आणि ४.० मध्ये जुनं फंक्शन काढून टाकलं. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचा नियम) लागलंच तर ‘री पाथ’ आहे, पण कन्व्हर्टर लिहिता आला तर तोच लिहा. नियम एका ठिकाणी राहतो आणि त्याची वेगळी चाचणी घेता येते.

देवनागरी स्लग

मराठी वेबसाइट करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो. लेखाचं शीर्षक पत्त्यात (त्याच्या पत्त्यातल्या रूपाला स्लग म्हणतात) देवनागरीत दिसावं असं वाटतं, आणि ते व्हायलाही हवं. पण जँगोची तयार साधनं इथे कमी पडतात.

‘मराठी साहित्य’ हे शीर्षक ‘स्लगिफाय’ फंक्शनला दिलं तर रिकामा मजकूर परत येतो, कारण रोमन नसलेलं सगळं ते टाकून देतं. ‘अलाव युनिकोड’ हा पर्याय चालू केला तर येतं ‘मरठ-सहतय’. काना, वेलांटी, हलन्त, सगळं गळून पडलेलं. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दातल्या अक्षरासाठी जे चिन्ह आहे, त्याच्या लेखी मात्रा हे अक्षर नाही. ‘स्लगफील्ड’ही याच चिन्हावर अवलंबून असल्याने मात्रांचा स्लग फॉर्ममध्ये नाकारला जातो, आणि ‘स्लग’ कन्व्हर्टर तर देवनागरीला दारातच अडवतो.

म्हणून तीन बदल करावे लागतात. डेटाबेसमध्ये स्लगफील्डऐवजी साधं ‘कॅरफील्ड’ घ्या. राउटमध्ये ‘स्ट्र’ वापरा किंवा स्वतःचा कन्व्हर्टर लिहा. आणि स्लग बनवणारं फंक्शन स्वतः लिहा. त्यात आधी मजकूर यूनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणा. मग पायथनच्या ‘यूनिकोडडेटा’ मॉड्यूलने प्रत्येक चिन्हाचा वर्ग पाहा. वर्गाचं नाव एल, एम किंवा एन यांनी सुरू होत असेल, म्हणजे ते अक्षर, मात्रा किंवा अंक असेल, तर ठेवा. बाकी सगळ्याच्या जागी जोडरेघ घाला. शेवटी लागोपाठ आलेल्या जोडरेघांची एक करा आणि टोकांच्या काढून टाका.

यात मराठीचीच एक खाच आहे. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एनएफसी त्यांना एक करत नाही. शिवाय वरच्या गाळणीत जोडकाच्या जागी जोडरेघ येते आणि शब्द मधूनच तुटतो. म्हणून गाळणी लावण्याआधी दुसऱ्या प्रकारचं पहिल्यात रूपांतर करून घ्या.

एवढं करूनही फक्त स्लगवर लेख शोधू नका. माझा आग्रह `लेख/४२/मराठी-साहित्य/` अशा जोडपत्त्याचा आहे. शोध क्रमांकाने घ्यायचा आणि स्लग वाचणाऱ्यासाठी ठेवायचा. शीर्षक बदललं तरी जुने दुवे चालू राहतात. एखाद्या लेखाचा स्लगच ‘नवा’ निघाला म्हणून राउटशी टक्करही होत नाही. आलेला स्लग डेटाबेसमधल्या स्लगपेक्षा वेगळा असेल तर योग्य पत्त्यावर रीडायरेक्ट करा, म्हणजे ब्राउझरला तिकडे पाठवा. मात्र तुलना स्लगची स्लगशीच करा. विनंतीतला मार्ग जँगो उकलून देवनागरीत देतं, तर ‘रिव्हर्स’ने बांधलेला पत्ता टक्के चिन्हांच्या सांकेतिक रूपात येतो. या दोघांची तुलना केलीत तर ते कधीच समान ठरणार नाहीत आणि ब्राउझर रीडायरेक्टच्या फेऱ्यात अडकेल.

त्या सांकेतिक रूपाची लांबीही लक्षात असू द्या. ‘मराठी’मध्ये पाच यूनिकोड चिन्हं आहेत. प्रत्येकाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्के चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एका शब्दाची ४५ अक्षरं. पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बरेचदा हेच रूप दिसतं. म्हणून स्लग तीनचार शब्दांत आटोपलेला बरा.

उलट दिशा

आता नावांचा उपयोग. टेम्प्लेटमध्ये दुवा देताना हाताने पत्ता लिहायचा नाही. ‘यूआरएल’ टॅगला ‘लेख:तपशील’ हे नाव आणि क्रमांक द्यायचा. पायथन कोडमध्ये हेच काम ‘रिव्हर्स’ करतं. क्लासच्या वरच्या पातळीवर, जसं की फॉर्म यशस्वी झाल्यावर कुठे जायचं हे सांगताना, ‘रिव्हर्स लेझी’ वापरा. तो क्लास वाचला जातो तेव्हा राउटची यादी अजून तयार झालेली नसते.

एका वस्तूचं एक मुख्य पान असेल तर मॉडेलमध्ये ‘गेट अॅब्सोल्यूट यूआरएल’ ही मेथड लिहा आणि आत ‘रिव्हर्स’ बोलवा. अॅडमिनमधला ‘साइटवर पाहा’ हा दुवा याच मेथडवर चालतो. हे सगळं जागेवर असेल तर मूळ फाइलमधला ‘लेख/’ हा शब्द बदलून ‘निबंध/’ करा आणि वेबसाइट फिरून बघा. एकही आतला दुवा तुटता कामा नये. कुठे तुटलाच तर तिथे कुणीतरी पत्ता हाताने लिहिला आहे, तो आत्ताच दुरुस्त करा. नाव चुकलं किंवा एखादा पॅरामीटर राहिला तर ‘नो रिव्हर्स मॅच’ ही त्रुटी येते, आणि ती यायलाच हवी. चुकीचा दुवा वाचकाला मिळण्यापेक्षा पान तुमच्यासमोर कोसळलेलं बरं.

शेवटची तिरकी रेघ

जँगोच्या प्रथेप्रमाणे पत्ते तिरक्या रेघेने संपतात. कुणी रेघ न देता `लेख/४२` उघडलं आणि तसा पॅटर्न नसेल, तर ‘कॉमन मिडलवेअर’ शेवटी रेघ लावून बघतं. त्याने जुळलं तर ३०१ ने, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टने, तिकडे पाठवतं. ‘अपेंड स्लॅश’ ही सेटिंग मुळातच चालू असते. वाचणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम, पण पोस्ट विनंतीत रीडायरेक्ट होताना पाठवलेला मजकूर हरवतो. डीबग (विकासाच्या वेळी त्रुटींचे तपशील दाखवणारी सेटिंग) चालू असेल तर जँगो रनटाइम एरर देऊन सावध करतं, प्रत्यक्ष सर्व्हरवर मात्र नाही. मोबाइल अॅपसाठी एपीआय देत असाल तर रेघ हवी की नको हे लेखी ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा.

४०४ वाचायला शिका

डीबग चालू असताना येणारं ४०४ चं, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारं, पिवळसर पान बहुतेक जण न वाचताच बंद करतात. त्यावर जँगोने कोणते पॅटर्न कोणत्या क्रमाने तपासले याची पूर्ण यादी असते. यादीखाली ‘यापैकी काहीही जुळलं नाही’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर दोष राउटमध्ये आहे. ‘शेवटचा पॅटर्न जुळला’ असं म्हटलं असेल तर राउटिंगने आपलं काम केलं आहे, आणि व्ह्यूला डेटाबेसमध्ये ती नोंद सापडलेली नाही. नेमकी कोणती फाइल उघडायची ते या एका वाक्यावरून कळतं.

स्वतःची त्रुटीपानं हवी असतील तर ‘हँडलर ४०४’ आणि ‘हँडलर ५००’ मूळ फाइलमध्येच द्या. अॅपच्या फाइलमध्ये लिहिले तर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. आणि ती पानं डीबग बंद केल्यावरच दिसतात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. `लेख/४२/संपादन/` चा दुवा कुठे दाखवला नाही म्हणून ते पान सुरक्षित होत नाही. पत्ता अंदाजाने टाइप करता येतो. परवानगी व्ह्यूमध्येच तपासा, आणि केवळ लॉगिन आहे की नाही एवढ्यावर न थांबता हा लेख याच व्यक्तीचा आहे का हेही बघा.

चाचणी आणि जुने पत्ते

राउटची चाचणी लिहिताना ‘रिव्हर्स’ने पत्ता मिळवून तोच उघडला, तर पत्ता बदलल्याचं चाचणीला कधीच कळणार नाही. म्हणून बाहेर जाहीर झालेल्या पत्त्यांची एक यादी चाचणीत शब्दशः लिहा आणि प्रत्येक पत्ता ‘रिझॉल्व्ह’ला देऊन अपेक्षित नाव येतं का ते पाहा. इथे, आणि फक्त इथेच, पत्ता हाताने लिहिलेला हवा.

पत्ता बदलावाच लागला तर जुना पॅटर्न काढून टाकू नका. जुन्या पत्त्यांसाठी वेगळी फाइल ठेवा आणि प्रत्येक ओळीत ‘रीडायरेक्ट व्ह्यू’ला नव्या पॅटर्नचं नाव द्या. पकडलेले पॅरामीटर तो आपोआप पुढे नेतो. हा व्ह्यू मुळात ३०२, म्हणजे तात्पुरतं रीडायरेक्ट, देतो. सुरुवातीचे काही दिवस तसंच राहू द्या, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीचं ३०१ वाचकांच्या ब्राउझरमधून मागे घेणं अवघड जातं. सगळं बरोबर चाललंय याची खात्री झाली की ‘पर्मनंट’ चालू करा. पोस्ट विनंत्याही येत असतील तर ३०१ ऐवजी ३०८ पाठवा, त्यात विनंतीचा प्रकार बदलत नाही. ‘रीडायरेक्ट व्ह्यू’ मुळात ३०८ पाठवत नाही, त्यासाठी छोटा व्ह्यू स्वतः लिहिता येईल.

काही पानं खरोखरच कायमची गेलेली असतात. त्यांना मुखपृष्ठाकडे वळवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण वाचकाला आपण इथे कसे आलो तेच कळत नाही. अशा ओळीत ‘रीडायरेक्ट व्ह्यू’ला कोणताही पत्ता न देता ‘यूआरएल’चं मूल्य ‘नन’ ठेवा. मग तो ४१० पाठवतो, म्हणजे पान होतं आणि आता काढून टाकलं आहे. पुढे सर्व्हरच्या लॉगवरून ही फाइल अधूनमधून चाळत राहा. ज्या ओळीवर अजून माणसं येतात ती ठेवायची. जिच्यावर बराच काळ कुणी फिरकलेलं नाही ती काढायला हरकत नाही, मात्र ती काढण्याआधी छापील मजकुरात किंवा पाठवलेल्या ईमेलमध्ये तो पत्ता दिलेला नाही ना, एवढं बघून घ्या.